साहेबांची शिट्टी आणि बिरूभाऊंची मेंढरं

हसायचं ते आधीच हसून घ्या, आणि तो चहाचा कप जरा खाली ठेवा. मी माझ्या सख्ख्या बापाची, तीही त्यांच्या साहेबांसमोर, कशी शोभा केली ते सांगतेय. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा आमच्या जाऊबाईंनी नव्या साडीवर चहा सांडला होता.

आमचे आप्पा नेव्हीत होते. बोरी बुद्रुकचा माणूस, कांद्या-उसात वाढलेला, समुद्रावर गेला आणि जहाजावर शिट्टी वाजवायच्या कामाला लागला. साधी शिट्टी नव्हे हो. वाकडी लांबट नळी, तिच्या टोकाला पोकळ गोळी, ती मुठीत धरून फुंकायची. मूठ उघडली की सूर खाली, मिटली की वर. उठायची शिट्टी वेगळी, कामाला लागायची वेगळी, साहेब जहाजावर चढले-उतरले की त्यांच्या मानाची वेगळी. हे 'वेगळी' प्रकरण नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

लहानपणी मी आणि आई गावी मळ्यात राहायचो आणि आप्पा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. एका सुट्टीत मी आईला विचारलं होतं म्हणे, "हे पावणं कधी जाणार?" आई अजून ते चारचौघांत सांगते. पावणं मोठं शिस्तीचं होतं. चादर अशी ताणून घालायला लावायचं की तिच्यावर झोपायची भीती वाटावी. स्वयंपाकघरातले डबे फळीला दोरीनं बांधून ठेवायचं. आई म्हणायची, अहो, बोरीत लाटा येत नाहीत. पण त्यांचे हात ऐकायचे नाहीत.

आणि जेवायच्या वेळेला ओट्यावर उभं राहून शिट्टी. सगळ्या मळ्याला कळायचं की आमच्याकडं ताटं घेतली. पोरं चिडवायची, म्हणून मी मुद्दाम चिंचेवरून उतरायचे नाही. दुसरी शिट्टी, तिसरी शिट्टी, शेवटी आई काठी घेऊन यायची. मग सुट्टी संपायची, ट्रंक एसटीच्या टपावर चढायची आणि आप्पा जायचे. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला मी चिंचेवर बसून कान लावायचे. शिट्टी वाजायची नाही. फार वाईट वाटायचं, आता सांगायला काय हरकत आहे.

असो. आता मी मंचरला दिलेली, पोरं कॉलेजात, आणि आप्पा कधीचे रिटायर होऊन मळ्यात. तर मागं एकदा त्यांचा फोन आला. आवाज जरा ओला.

"शैला, साहेब येत्यात आपल्याकडं."

साहेब म्हणजे आप्पांच्या जहाजाचे कप्तान. ह्या साहेबांचा जहाजावरचा शेवटचा दिवस होता तेव्हा त्यांना मानाची शिट्टी देऊन निरोप द्यायचं काम आप्पांचं होतं. पण त्याच्या आदल्या दिवशीच घरून तार गेली की पोरीला टायफॉईड झालाय, लवकर या. ती पोर मीच. साहेबांनी आप्पांना तिथल्या तिथं सुट्टी दिली आणि घरी पाठवलं. शिट्टी दुसऱ्याच कोणीतरी वाजवली. मी जगले, पण आप्पांच्या मनात ती गोष्ट राहून गेली.

आता साहेब थकले होते. पुण्याहून मुलाच्या गाडीतून येणार, जेवून जाणार. आप्पांना ती राहिलेली शिट्टी द्यायची होती. अडचण एकच. आप्पांना नवी कवळी बसवली होती आणि फुंकर मारली की कवळी आधी बाहेर यायची.

"तुला यती ना गं वाजवाया? फुंकाया मी शिकवली व्हती."

"आप्पा, लहानपणापासून ऐकतेय मी. तुम्ही काळजीच करू नका," मी म्हणाले. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली होती तेव्हा. त्यांना माझा हा सूर ओळखीचा आहे.

लवकर ये, एकदा वाजवून दाखव, असं आप्पांनी बजावलं होतं. पण त्या दिवशी मंचरला कांद्याच्या गाड्यांनी रस्ता असा तुंबवला की मी बोरीत पोहोचले आणि मागोमाग साहेबांची गाडी मळ्याच्या रस्त्याला वळली. आप्पा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत फाटकात उभे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोर लावून त्याला जहाजाच्या गाठी मारलेल्या. त्यांनी शिट्टी माझ्या हातात ठेवली. आणि दोन पावलं मागं सरून ते ताठ उभे राहिले.

साहेब काठी टेकत उतरले. फाटकापाशी आले, काठी डाव्या हातात घेतली आणि सॅल्यूट ठोकला. आप्पांनीही ठोकला. मी डोळे मिटले आणि फुंकली. काय वाजली सांगू. एक सूर इकडचा तिकडं नाही.

मला वाटलं, वाहवा. डोळे उघडून बघते तर शेजारच्या रिकाम्या कांद्याच्या वावरातून बिरूभाऊ धनगरांचा मेंढरांचा कळप धुरळा उडवत थेट आमच्या फाटकाकडं.

आता ह्यातली मेख ऐका. नेव्हीची रीत अशी की मानाची शिट्टी वाजतेय तोवर सॅल्यूटचा हात खाली आणायचा नाही आणि जागचं हलायचं नाही. आप्पा ताठ उभे, नुसते डोळे मोठे करून माझ्याकडं बघतायत. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. आणि मेंढरं आली म्हणून मध्येच थांबले तर मान अर्धवट राहील ना? म्हणून मी आणखी जोरात फुंकली. मी फुंकतेय तशी मेंढरं वाढतायत. साहेबांच्या डावी-उजवीकडून, काठीखालून, दोर तुडवत सगळी आत.

तेवढ्यात आतून आई ओरडली, "अगं ये शैले, आत्ताशी मासवड्या कापतीय मी! जेवायला काय बोलावतीस?"

माझी फुंकर तिथंच संपली.

मागून बिरूभाऊ धापा टाकत आले. "आप्पा, ही तुमच्या जेवणाच्या शिट्टीला सवकलीत राव. तुमी वाजवून देठं-पाला टाकता ना. तुमचं नवं दात बसल्यापासून शिट्टी नाय, बिचारी रोज वाट बघत व्हती."

मला भुईत जावंसं वाटलं. ज्या शिट्टीसाठी आप्पा इतकी वर्षं झुरले, ती एकदा माझ्या टायफॉईडनं घालवली होती आणि आज माझ्या शहाणपणानं. मी रडायलाच लागले.

साहेबांनी हात खाली आणला. एक कोकरू त्यांच्या धोतराला लागलं होतं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडू नकोस बाळ. मानाच्या शिट्ट्या पुष्कळ झाल्या. जेवणाची शिट्टी मात्र साहेबासाठी कधी कुणी वाजवली नाही. तू थेट जेवायलाच बोलावलंस, चल."

मग आप्पा हळूच म्हणाले, "साहेब, तिची चुकी नाय. दुसरी शिट्टी तिला ठावी असंल कुठून? माज्याच ध्यानात आलं नाय. वर्साचं सगळं दिस पोरगी बापाबिगर जेवायची. सुट्टीत घरी आलो की जेवायला हाक तेवढी माझी असावी, म्हणून मी घरी एवढी एकच वाजवली."

मी नुसती त्यांच्या दंडाला धरून उभी राहिले.

आप्पांनी मग अंगणभर पसरलेल्या कळपाकडं पाहिलं, कवळी नीट बसवली आणि साहेबांना म्हणाले, "पन बघा साहेब, एवढी मेंढरं पयल्या शिट्टीला आली. ही पोरगी जन्मात कधी आली न्हाई."

आता आप्पांना कवळी सरावलीय. मी माहेरी गेले की पहिल्या शिट्टीला हातातलं टाकून धावत सुटते. पण खरं सांगू? अजून एकदाही मेंढरांच्या आधी पोहोचलेली नाही.