उसाचा पहारा

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस मी. सांगलीला पदवी घेतली आणि नोकरीच्या मागे न लागता सिनेमे केले. दोन केले, दोन्ही स्वतःच्या हिमतीवर. महोत्सवांत दाखवले गेले. आमच्या कुंडलमध्ये कुणी पाहिले नाहीत. तरी मला त्यांचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

तिसरा म्हणजे सायकॉलॉजिकल ड्रामा म्हणतात तसला. फौजेतून परतलेला एक म्हातारा. घरामागच्या उसात कुणीतरी लपलंय असं त्याला वाटतं आणि तो पहारा देत बसतो. म्हातारा कुठून सुचला हे सांगायला नको. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झाले त्याला जमाना झाला, पण जेवण झालं की आजही घराला एक फेरी मारून कड्या ओढून बघतात.

दिवाळीत त्यांना म्हणालो, "आबा, मागचा ऊस शूटिंगपर्यंत तोडू नका. मला तोच लागणार हाय."

"कवापतुर?"

"मी सांगंपर्यंत."

"बरं." त्यांच्या लेखी तो हुकूम झाला.

मग साताऱ्यात एक खोली घेऊन नटांबरोबर तालमी सुरू केल्या. तिथं लक्षात आलं, की म्हातारा उसाकडे बघतो त्यापेक्षा नुसत्या भिंतीकडे बघत बसतो तेव्हा जास्त भीती वाटते. ऊस काढून टाकला, सगळी गोष्ट एका खोलीत आणली. पटकथा अशी घट्ट कधी जमली नव्हती. त्या नादात घरी कळवायचं राहिलं, असं मी स्वतःला सांगायचो. खोटं होतं ते. फोनवर आबा न विचारताच "उबा हाय रं ऊस" म्हणायचे आणि मी आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचो.

संक्रांत उलटल्यावर गावी गेलो. आजूबाजूची सगळी रानं तुटून मोकळी झालेली, आमचा ऊस तेवढा उभा, तुरे आलेला. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

आई दारातच म्हणाली, "आलास? बघ, तुजा शिनेमा वाळाय लागलाय. कारखान्याचा चिटबॉय तोडीला टोळी घिऊन आलावता, तर ह्यांनी बांदावरनंच माघारी लावली. 'लेकाचं शूटिंग हाय' म्हनं. समदं गाव हसतंय."

"हसू दे," आबा म्हणाले. "चल, दावतो तुला."

मधल्या एका सरीतला सगळा पाला त्यांनी हातानं काढून वाट केली होती. अगदी स्वच्छ, झाडून घेतल्यासारखी.

"तुजा कॅमेरा आत न्यायला. पाला लय वाजतो म्हनलावतास न्हवं मागं?"

म्हणालो होतो. पहिल्या सिनेमाच्या वेळी, चिडून.

"आबा, गोष्टीतनं ऊस काढला."

"कवा?"

"तालमी चालू झाल्या तवाच."

"म्हंजी टोळी यायच्या आदी?"

"व्हय."

त्यांनी वर तुऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "पहारा उठला तर कळवत्यात रं, गड्या."

रागावले असते तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं.

मी तिथूनच चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, फोन लावला. तो ओळखून मोठ्यानं हसला. "आता तुमचा तोडीचा नंबर पार शेवटाला, साहेब. बरं, झालं का शूटिंग? का आमीबी यायचं टोपी घालून, शिनेमात काम कराय?"

फोनचा आवाज आबांपर्यंत जात होता. त्यांनी माझ्याकडे न बघता वाकून सरीत पडलेलं एक पान उचललं.

"झालं म्हन," ते हळूच म्हणाले. "न्हाईतर तुला हसत्याली."

मी "झालं" म्हणालो.