ताईंनी फोन सोडला

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही भुसावळहून जयपूरला आलो. मुलं शाळेत रुळल्यावर मी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात ऑफिसचं काम धरलं. तिथे मसाल्याची पाकिटं भरणारी मशीनं बनतात. विकलेल्या मशीनची देखभालही कारखानाच करतो, त्यासाठी गावोगावच्या मसाला गिरण्यांत फिटर पाठवावे लागतात. कोण कुठे, कधी जाणार, हे सगळं तेव्हा फोनवर ठरायचं.

ते ठरवणाऱ्या बाई मराठी निघाल्या, याचा मला पहिल्या दिवशी केवढा आधार वाटला. त्यांचे वडील अकोल्याचे, रेल्वेतलेच. त्या स्वतः मात्र जयपुरातच वाढलेल्या. त्यांचं मराठी हिंदीच्या अंगाने जायचं. मी त्यांना ताई म्हणू लागले.

पुढच्या वर्षी ताईंना मोठा ताप आला आणि त्यात त्यांचे कान गेले. म्हणजे पूर्ण नाही, पण यंत्र लावूनही फोनवरचं बोलणं त्यांना गढूळ ऐकू येई. कारखान्याच्या खडखडाटात तर विचारायलाच नको. लोक त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. एकदा अलवरच्या गिऱ्हाइकाने सात तारीख सांगितली, ताईंनी आठ ऐकली. फिटर पोचला तेव्हा गिरणीला सुट्टी होती आणि कुलूप बघून तो परत आला.

मालक मनाने वाईट नव्हते. त्यांनी ताईंना बोलावून स्टोअरमध्ये बसायला सुचवलं, पगार तोच राहील म्हणाले. मी शेजारी फाइल घेऊन उभी होते. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, की फोन माझ्याकडून काढून घ्या, पण काम काढू नका. दिवाळीपर्यंत मला मेलवर काम करून बघू द्या. मालकांना पटलं नसावं, पण त्यांनी होकार दिला.

फोन माझ्याकडे आला. ताईंनी मला एकच नियम घालून दिला: फोन ठेवला की दोन ओळींची मेल. गिऱ्हाइकांच्या तक्रारींसाठी त्यांनी एक वेगळा मेल पत्ता उघडला, म्हणजे आलेली तक्रार आम्हा सगळ्यांना दिसे. प्रत्येक गिरणीच्या मेल त्यांनी तिच्या तिच्या नावाखाली लावल्या. मग कॅलेंडर. प्रत्येक फिटरला एक रंग. भेट ठरली की तिचं निमंत्रण फिटरलाही जाई आणि गिरणीवाल्यालाही, आणि दोघांच्या मोबाइलवर आदल्या दिवशी आठवण वाजे. त्या भेटीच्या नोंदीतच मशीनचा फोटो आणि न्यायच्या सुट्या भागांची नावं जोडलेली असत. हे कॅलेंडर आमच्याकडे आधीपासूनच होतं. आम्ही त्यात फक्त सणांच्या सुट्ट्या बघत असू.

फिटरांची कुरकूर झाली. त्यातले सर्वांत जुने मुरलीपुऱ्यात राहायचे. मशीन उघडायचं की टाइप करत बसायचं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. ताई जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांच्या मोबाइलवर बोललेलं लिहून घेणारं बटण दाबून दिलं आणि बोला म्हणाल्या. ते आपल्या मारवाडी वळणाच्या हिंदीत बिघाड सांगत गेले, पडद्यावर अक्षरं उमटत गेली आणि ताई ती वाचून मान डोलावत गेल्या. काही महिन्यांत प्रथमच ते ताईंशी न ओरडता बोलत होते. दुसऱ्या दिवसापासून सर्वांत लांबलचक मेल त्यांच्याच येऊ लागल्या.

खरी कमाल पुढे झाली. कॅलेंडर भरत गेलं तशा ताईंना त्यात गोष्टी दिसायला लागल्या. सीकर रोडला दोन फिटर वेगवेगळ्या दिवशी जातात, मग एकच का नको? नव्या मिरचीच्या हंगामातच मशीनं बंद पडतात, मग हंगामाआधीच जाऊन का तपासू नयेत? त्यांनी प्रत्येक मशीनची पुढची तपासणी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवली, आणि ती जवळ आली की गिऱ्हाइकाला आपोआप मेल जाई. त्या हंगामात फोन इतका कमी वाजला, की मी एकदा उचलून बघितला, बिघडला तर नाही ना.

गिरणीवाले विचारू लागले, ही आठवण वर्षभर मिळेल का? मालकांनी त्यावरून वार्षिक देखभालीचा करार काढला, आणि आज कारखान्याचा तो मोठा धंदा आहे. तो विभाग ताईंकडे दिला. दिवाळीची मुदत कधी उलटून गेली, याची कुणी आठवणही काढली नाही.

मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. आता मीही संध्याकाळी मेल रिकामी केल्याशिवाय उठत नाही, आणि प्रत्येक मेलमधून काहीतरी कॅलेंडरच्या तारखेवर टाकते. पण त्यांची ती नजर माझ्याकडे नाही. मी भेटी बघते, त्या पूर्ण वर्ष बघतात.

एकदा चहा घेताना मी त्यांना विचारलं, "ताई, एवढं सगळं उभं केलंत. तुम्हाला यातलं सर्वांत जास्त काय आवडलं?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघून प्रश्न समजून घेतला. मला वाटलं, त्या कराराचं नाव घेतील.

"आता माझ्याशी कोणी जोरात बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मतलब, ऑफिसमध्ये मी बहिरी नाहीच ना."

मग त्यांनी कप ठेवला आणि चोमूच्या गिरणीची मेल उघडली.