बापूकाकांचा गळा आणि स्वच्छ हवा

कुणीतरी आमच्या बापूकाकांच्या गळ्यात आयोडीन जाऊ दिलं. त्या माणसाला माफी नाही, असं मी महिनाभर म्हणत होते! सांगलीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये किस्से साठत जातात, फिल्टरच्या कोळशात आयोडीन साठतं तसे. डोळ्यांना काहीच दिसत नाही. मोजायला बसलं की कळतं, केवढं जमलंय!

थायरॉइडच्या पेशंटसाठी किरणोत्सारी आयोडीनच्या बाटल्या येतात. फौजेतून रिटायर झालेले बापूकाका त्या हूडमध्ये उघडतात. हूड म्हणजे समोरून हात घालता येईल अशी, आतली हवा वर ओढून नेणारी मोठी पेटी. तिच्या मागच्या बाजूला खोलीतली हवा ओढून घेणारी मॉनिटरची नळी. हवेत आयोडीन किती, ते मॉनिटरनं सांगायचं. शिवाय दर सोमवारी काकांचा गळा मोजायचा, कारण श्वासातून गेलेलं आयोडीन तिथंच जाऊन बसतं.

मॉनिटर म्हणायचा, हवा स्वच्छ. गळ्याचा आकडा मात्र दर सोमवारी थोडा चढायचा.

"दोघांतलं खोटं कोन बोलतंय, म्याडम?"

"मॉनिटर!" मी ठणकावलं. लॅबची फिजिसिस्ट मीच.

"मग लौकर पकडा त्याला. न्हाईतर मला रेकॉर्ड रूममधी टाकतील. बॉर्डरवर वाचलो, फायलींत मरंन!"

* * *

कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं मॉनिटरसमोर ठरावीक ताकदीचा किरणोत्सारी सोर्स धरला. आकडा तंतोतंत. "मशीन पास!"

"पण लॅबमधली हवा मशीनपर्यंत पोचते का?"

"मॅडम, आम्ही मशीनचं सर्टिफिकेट देतो. हवेचं नाही!"

* * *

खंडेनवमीला मॉनिटर, हूड आणि काकांना उकडायला नको म्हणून त्यांच्या डोक्यावर मीच साहेबांशी भांडून बसवून घेतलेला नवा एसी, तिघांनाही झेंडूचे हार! त्यातला एक नेमका मॉनिटरच्या नळीच्या तोंडावर. आकडा थेट शून्यावर.

साहेब खूश. "वा! आज हवा एकदम शुद्ध!"

मी हार काढला. काका हळहळले, "देवाला हार घातला, त्यानं नाकच धरलं!"

* * *

मग मी आयोडीन धरून ठेवणाऱ्या कोळशाची एक डबी आणि छोटा पंप काकांच्या अॅप्रनवरच लावला, नाकाच्या जवळ. काका ताठ उभे राहिले.

"फौजेत छातीवर मेडल न्हाई मिळालं. हितं कोळसा मिळाला!"

संध्याकाळी डबी मोजली. मॉनिटरच्या कितीतरी पट! म्हणजे गळा खरं बोलत होता. पण हूडमधली हवा काकांच्या नाकापर्यंत येत कुठून होती?

* * *

शेवटी उदबत्ती. रोज दुपारी काम संपलं की एसी बंद करायचा, धूर हलायला नको म्हणून, आणि हूडच्या तोंडाशी उदबत्ती धरायची. निळी रेघ संथपणे वळायची आणि आत नाहीशी व्हायची. हूडची घरघर, पॅसेजमधून येणारा हळदीचा वास, आणि न दिसणाऱ्या हवेला फुटलेलं ते अंग. बघता बघता मी भांडायचंही विसरायची.

"लय झ्याक जातोय," काका म्हणायचे आणि गळ्यावरून हात फिरवायचे. सोमवारी त्यांच्या बदलीचा निर्णय होता.

शनिवारी हौसाबाई फरशी पुसायला आल्या. त्या आधी हळदीच्या वखारीत कामाला होत्या. थोडा वेळ धुराकडं बघत राहिल्या.

"रोज असाच एसी बंद करून बघताय व्हय?"

"हो. धूर हलायला नको ना!"

"आन् काका बाटली उघडत्यात तवा?"

काकांनी रिमोट उचलला आणि एसी लावला.

निळी रेघ थरथरली. आत जाता जाता थांबली, मागं वळली आणि तरंगत काकांच्या तोंडाशी आली.

मी वर पाहिलं. माझ्याच एसीवर सुकलेला झेंडूचा हार हलत होता.

हौसाबाईंनी बादली उचलली. "वखारीत मालकानं आमाला गार वाटावं म्हून पंखा लावला हुता. मनानं लय चांगला मानूस. हळद समदी आमच्या नाकात!"