फ्लेक्सखालची सायकल

मे महिन्यातला रविवार, सकाळ. पलूसजवळच्या भावाच्या घरापुढचा रस्ता. हजर: मी, म्हणजे साताऱ्याहून आलेली आत्या, माझा भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले आमचे वडील आबा, पाचवी पास झालेली भाची, तिची नवी सायकल, आणि रस्त्याकडेला दोन बांबूंवर टांगलेली तीच भाची, फ्लेक्सवर, म्हशीपेक्षा मोठी. वहिनी भाकऱ्या थापत होती, पण खिडकी उघडी असल्यामुळे तीही हजर.

विषय एकच. जूनपासून शाळा पलूसला. बरोबरच्या सगळ्या मुली सायकलनं जाणार. हिला सायकल येत नव्हती आणि शिकायला ती तयार नव्हती.

घोटाळा शिष्यवृत्तीत नंबर आल्यापासूनचा. गुरुजी म्हणाले, "पोरगी असामान्य आहे," आणि गावानं ते छापून टांगलं. तेव्हापासून मोटर बंद पडली की तिला विचारायचं, म्हैस आटली की तिला विचारायचं. ती विचार करून उत्तरही द्यायची. म्हशीला काही फरक पडला नाही. भाचीला पडला. पहिल्या फटक्यात जमणार नाही त्याला ती हातच लावेना. कॅरममध्ये राणी हुकली, तेव्हापासून बोर्ड कपाटामागे आहे.

"बस की गं," भाऊ म्हणाला.

"आधी तोल कसा राहतो ते समजू दे."

"बसल्याबिगर कसं समजंल?"

"फौजेत आमी आधी पडायचो," आबा म्हणाले, "मग समजून घ्यायचो."

"आबा, तुमचा फ्लेक्स लागला नव्हता."

फौजेनं माघार घेतली.

अडलेलं काम हलवायचं तर कुणालातरी सुरुवात करावी लागते. मलाही सायकल येत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच जाहीर केलं. "तू सांग, मी चालवते," म्हटलं.

सांगणं तिच्या आवडीचं. "समोर बघ. पायडल मार. अंग ताठ नको." सूचना सगळ्या बरोबर होत्या. मी विजेच्या खांबापर्यंत गेले आणि तिथून सायकलीसकट उसाच्या पाण्याच्या पाटात.

"आवं वन्सं," खिडकीतून वहिनी ओरडली, "आंघोळीला गरम पाणी दिलं असतं की!"

भाची हसून हसून खालीच बसली. मग उठून म्हणाली, "आत्या, तू मधेच पायडल मारायची थांबलीस. बघ, असं," आणि स्वतः सायकलवर चढली. शिकायला नाही, दाखवायला. खांब ओलांडला आणि बरोबर फ्लेक्सखाली आपटली.

तिनं आधी वर पाहिलं. वरची ती पदक घालून हसत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानातून चिखल येत होता.

"आत्यापेक्षा लांब गेले ना?"

"लय लांब," आबा म्हणाले.

"मग परत!"

संध्याकाळपर्यंत ती सरळ जायला लागली. थांबायचं असलं की फ्लेक्सच्या बांबूला धडकायची. एक बांबू वाकला आणि फ्लेक्सवरची असामान्य पोरगी पाटाकडे कलली.

पावसाआधी कडब्यावर टाकायला वहिनीला तो फ्लेक्स हवाय. भाऊ उतरवायला गेला तर भाचीनं अडवलं. "राहू दे पप्पा, मी थांबू कशाला धरून?"

भाचीला सायकल आली. ब्रेक लावायला शिकणं दोघींचंही राहिलंय.