तिसरं पाणी

नाहूरच्या आमच्या सोसायटीत सुलक्षणा परब यांच्याकडे चहाला जायचं म्हणजे आधी चपला काढायच्या, मग पाय पुसायचे आणि मग मनातले वाईट विचारही दाराबाहेर ठेवायचे. त्यांच्याकडचं पायपुसणं आमच्याकडच्या टॉवेलपेक्षा गोरं. वहिनी मूळच्या देवगडकडच्या. तीन पाण्यांनी न धुतलेला तांदूळ शिजतो खरा, पण घशाखाली उतरत नाही, असं त्यांच्या माहेरचं ठाम मत.

वहिनी कांजूरमार्गला एका प्रयोगशाळेत काम करतात. तिथे डोळ्याचा पडदा वाढवतात. माणसाचा नव्हे, अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाचा. पडद्याच्या पेशी सुट्या करून डिशमध्ये सोडायच्या आणि त्या पुन्हा एकत्र येऊन थरावर थर लावतात का, ते बघायचं. नुसत्याच सोडल्या तर त्या घोळका करून बसतात आणि गोल गाठी होतात. म्हणून डिशच्या तळाला आधी दुसऱ्या पेशींचं अंथरूण घालतात. या आधार देणाऱ्या पेशी. स्वतः काही बघत नाहीत, पण कुणी कुठल्या थरात बसायचं हे बाकीच्यांना त्यांच्यामुळे कळतं. लग्नाच्या पंगतीत पानं मांडणारी एक आत्या असते ना, तशा.

हे अंथरूण एकदा हलक्या हाताने धुवायचं आणि वर पडद्याच्या पेशी सोडायच्या, हे काम वहिनींकडे आलं. एकदा म्हणजे एकदाच. पण वहिनींचा हात तो. एका पाण्यात काय स्वच्छ होतं? त्यांनी तीन पाणी दिली.

डिशमध्ये थर काही लागेनात, नुसत्या गाठी. अंथरूण आदल्या दिवशी तपासलेलं, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय नाही. संशय गेला श्रुतिकावर. श्रुतिका घाटकोपरची, वहिनींच्या शेजारच्या टेबलावर पेशींचं खाद्य, म्हणजे मीडियम, बनवते. प्रयोगशाळेच्या प्रमुख शर्मिष्ठा मॅडम सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, “तुझं मीडियम बिघडतंय. जरा सुलक्षणाकडे बघून शिक, काय स्वच्छ काम आहे.”

वहिनींना त्या दिवशी बरं वाटलं. हे त्यांनीच मला सांगितलं, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी धुवण ओतून देताना त्यांना काय वाटलं कोण जाणे, तिसऱ्या पाण्याचा एक थेंब त्यांनी मायक्रोस्कोपखाली धरला. आत्याबाई तिथे तरंगत होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

आठवडाभर वहिनी गप्प. प्रयोगशाळेत श्रुतिका मीडियम पुन्हा पुन्हा बनवत होती, लोक तिच्या बाटल्यांकडे संशयाने बघत होते आणि वहिनी घरी बेसिन घासत होत्या. शेवटी हर्षद, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणाले, “अगं, बेसिनचा रंग गेला. काय झालंय ते सांग तरी.” ऐकून म्हणाले, “मग मॅडमना सांगून टाक ना.”

वहिनींनी सांगितलं, पण केबिनमध्ये, दार लावून. मॅडम रागावल्याच नाहीत. “मुद्दाम दोन्ही करून बघू,” म्हणाल्या. काही डिशना एक पाणी, काहींना तीन. एका पाण्याच्या डिशमध्ये थर असे लागले, जणू सुरळीच्या वड्या. तीन पाण्यांत पुन्हा गाठी. मॅडम खूश. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पोस्टर केलं आणि त्यावर पहिलं नाव घातलं सुलक्षणा परब यांचं. वहिनी म्हणाल्या, नाव काढा. मॅडमना तो विनय वाटला.

त्यातला तीन पाण्यांचा फोटो बघून श्रुतिकाला खरं काय ते कळलं. ती एवढंच म्हणाली, “तू चूक केलीस तर पोस्टर, मी केली नाही तर बोलणी. झकास.” पुढे बोलणं बंद. बाकीच्यांना तो ठरवून केलेला प्रयोग वाटला; त्यांच्या लेखी मीडियम अजून श्रुतिकाचंच बिघडलेलं होतं आणि ते मागे घ्यायला कुणाला सुचलं नव्हतं.

पोस्टर अंधेरीला एका परिषदेत लागलं. वहिनी ठेवणीतली साडी नेसून शेजारी उभ्या, श्रुतिका चार हात लांब. एका पाहुण्याने विचारलं, “आधार देणाऱ्या पेशी काढून बघायची कल्पना कशी सुचली?”

मॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी बोलल्या. “सुचली नाही. एकदाच धुवायचं होतं, मी तांदळासारखं तीनदा धुतलं. पेशी वाहून गेल्या. मला कळलं होतं, तरी आठवडाभर बोलले नाही. तोवर सगळ्यांनी या श्रुतिकाला बोल लावला. हिचं मीडियम पहिल्यापासून चांगलं होतं.”

पाहुणे हसले, त्यांना तो किस्साच वाटला. प्रयोगशाळेतलं कुणी हसलं नाही. वहिनींचे कान लालबुंद झाले, मान वर होईना.

श्रुतिका जवळ आली. “बस झालं. माणसं थांबलीत,” ती म्हणाली. “तू थरांचं सांग, मीडियमचं मी सांगते.”

वहिनींनी थरांचं सांगितलं, पण पोस्टरकडे बघूनच. श्रुतिकाकडे बघायचं धाडस अजून होत नाही, म्हणतात.