रखमाजी आबांचा डावा वाफा

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या वडिवळ्याचे रखमाजी आबा न पोळताच फुंकत आले. सासऱ्यानं लग्नात दिलेलं घड्याळ त्यांनी कामशेतच्या तीन दुकानांत तपासून घेतलं होतं. बियाणं विकायला कुणी आला की आबा त्याला आधी पाणी देतात, मग त्याच्या पिशवीत हात घालतात. एकदा त्यांनी रंग लावलेलं जुनं भाताचं बी पकडलं, तेव्हापासून गावानं स्वतः संशय घेणंच सोडून दिलं. ते काम आबांचं.

म्हणून गेल्या वर्षी तळेगावची संशोधन करणारी अनुष्का पेंढा मागायला आली तेव्हा सगळ्यांनी आबांच्या तोंडाकडे पाहिलं. गावाबाहेरच्या शेडमध्ये तिला पेंढा एका द्रवात गरम करून धुवायचा होता. त्यानं पेंढ्याचा चिवटपणा सुटतो आणि उरलेल्या मऊ चोथ्यातून गाड्यांचं इंधन करता येतं. पेंढा मिळाला नाही तर काम गुंडाळावं लागणार होतं. द्रव विषारी नाही म्हणाली. दह्यातलं आम्ल आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती पावडर, एवढंच.

"मंग हातात मोजे कशापायी घालती?" आबांनी विचारलं.

"गरम असतं, आबा. भाजतं."

आबांना ते पटलं नाही. पेंढा धुतलेलं पाणी शेवटी ओढ्यालाच येणार, आणि ओढ्यावर साऱ्या गावाचं भात. त्यांनी अट घातली, "तुजं पानी माज्या रोपावर घालतो. रोप जगलं तर पेंढा."

आबांनी रोपासाठी राब भाजून घरच्या आंबेमोहर भाताचे दोन वाफे टाकले होते. उजव्याला अनुष्काच्या कॅनमधलं पाणी, डाव्याला ओढ्याचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावरून जाताना पाहिलं, तर आबा तिचा कॅन डाव्या वाफ्यावर रिकामा करत होते.

"गप ऱ्हा," ते मला म्हणाले. "उजवा हिरवागार ऱ्हाईल. ती म्हनंल, बघा माजं पानी किती चांगलं. मंग तिला मी ह्यो दावतो."

मला राग आला. इतकी वर्षं जपलेलं घरचं बी, आणि एका पोरीला खोटं पाडायला त्यातलं निम्मं पणाला लावायचं? तरी मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

पंधरा दिवसांनी ती आली. उजवा वाफा बघत राहावा असा झाला होता. डावा पिवळा पडला होता.

"बग बाई," आबा गोड आवाजात म्हणाले, "उजव्याला तुजंच पानी हाय."

बांधावर दहाएक माणसं उभी होती. अनुष्कानं नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. ती खाली बसली, उजव्यातली चिमूटभर माती बाटलीतल्या पाण्यात कालवली, त्यात आंबटपणा तपासायची कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला नाही. मग उठून डाव्या वाफ्याकडे गेली. तिथली पट्टी लालसर झाली.

"आबा, माझं पाणी इकडे पडलंय," ती म्हणाली. "आणि त्यानंच रोप जळलंय. पाण्यात आंबटपणा राहिला, ही माझी चूक. हे पाणी मी ओढ्याला लागू देणार नाही."

वाफा का बदलला, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. पट्ट्या वहीत चिकटवल्या आणि शेडकडे गेली.

रोप कमी पडल्यानं आबांचं भाताचं एक खाचर त्या साली लावणीवाचून राहिलं. पण अनुष्का येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेंढ्याच्या गंजीवरचं प्लास्टिक काढलं आणि भारे बैलगाडीत भरायला घेतले. मी विचारलं, "आबा, रोप तर जळालं. मग पेंढा कसा?"

आबा दोरी आवळत राहिले.

"पोरगी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "आता इस्वास ठेवावा लागंल, अन् त्याची मला सवय न्हाई."