मामांच्या लॉगिनमधले बारा जण

आमच्या नकाशा कचेरीत संगणक सांभाळणाऱ्याला सगळे मामा म्हणायचे. नकाशे काढायचा प्रोग्रॅम मामांनी सोर्स कोडपासून स्वतः तयार केला. शेवटी संगणकाने विचारलं, कुठे बसवू? सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण मामा म्हणाले, "चार जणांचे हात लागले की वस्तूचं वाटोळं होतं. माझ्याच लॉगिनमध्ये बसवतो."

झालं! प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाच्याच लॉगिनमधून चालेना, म्हणून आम्ही बारा जण रोज मामांच्या नावाने संगणकात शिरू लागलो. हजेरीही तिथूनच लागायची. त्यामुळे मामा दिवसातून तेरा वेळा हजर आणि आम्ही वर्षानुवर्षं बेपत्ता. आमच्या चुकांची बोलणीही मामाच खायचे, म्हणून आम्ही आपले गप्प.

मग मामा निवृत्त झाले आणि साहेबांनी त्यांचं लॉगिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला बघून साहेब म्हणाले, "आपण कोण? नोंदीप्रमाणे इथे एकटे मामाच कामाला होते."

आता मामांच्या जागी एक माणूस घ्यायचाय. आम्ही बाराही जणांनी अर्ज केलाय. साहेब म्हणतात, अनुभव असलेला हवा.